पन्हळीचा सांधा

घराचे खरे वय त्याच्या दारावर कोरलेल्या सालावरून कळत नाही. ते पावसाळ्याच्या पहिल्या झडीत कळते. आठ महिने जे घर धडधाकट दिसते, त्याच्या एखाद्या कोपऱ्यात पहिल्या सरीबरोबर टप् टप् असा आवाज सुरू होतो आणि घरातील कर्ते माणूस वर पाहू लागते. पुष्कळदा छप्पर शाबूत असते, कौले जागच्या जागी असतात, आणि पाणी येत असते ते छपराच्या कडेला लावलेल्या पन्हळीच्या सांध्यातून. आज बोलावयाचे आहे ते ह्या सांध्याविषयी, त्यातही प्लास्टिकच्या जुन्या पन्हळीच्या सांध्याविषयी. विषय किरकोळ वाटेल. परंतु घरे सहसा मोठ्या कारणांनी पडत नाहीत. लहान कारणांकडे वर्षानुवर्षे केलेल्या दुर्लक्षाने ती पडतात.

ह्या विषयासाठी मी डोळ्यांसमोर ठेवले आहे ते जबलपूर शहर, आणि त्यातला मदन महलचा परिसर. नागपूर ही ज्या मध्यप्रदेशाची १९५६ पर्यंत राजधानी होती, त्यातले हे एक प्रमुख शहर. त्याच्याही आधी, १७८१ पासून १८१७ पर्यंत, येथे मराठ्यांचा अंमल होता. पुढे रेल्वे आली, तोफगाड्यांचा कारखाना आला, शाळा व न्यायालये वाढली, आणि नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे येथलीच होऊन राहिली. अशा जुन्या वस्त्यांतील कौलारू किंवा पत्र्याच्या घरांना आज प्लास्टिकच्या पन्हळी लागलेल्या दिसतात. परंतु हे जबलपूरपुरते नाही. कोकणात, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात, जेथे जेथे उतरते छप्पर आहे आणि पाऊस आहे, तेथे तेथे हीच अडचण आहे.

प्रथम पन्हळीचे काम काय ते पाहू. आढ्याचे पाणी वळचणीला, ही म्हण आपण अनेक अर्थांनी वापरतो; येथे तिचा मूळचा अर्थच पुरे. पन्हळ नसलेल्या घरात हे पाणी पागोळ्यांच्या रूपाने छपराच्या सर्व लांबीभर सारखे ठिबकते. अंगणात पागोळ्यांची एक रेघ उमटते, माती थोडी उडते, भिंतीचा पाया थोडा भिजतो. पण पाणी विखुरलेले असते. पन्हळ हे सारे पाणी गोळा करते आणि एका वाटेने खाली आणते. म्हणून तिचा एक सांधा उलला म्हणजे जे पाणी तीस फूट लांबीवर विखरून पडावयाचे, त्यातले पुष्कळसे एकाच ठिकाणी, आणि तेही भिंतीच्या अगदी अंगावर पडू लागते. पन्हळ नसणे ही एक गैरसोय आहे. गळकी पन्हळ असणे हे त्याहून वाईट आहे.

हे पाणी किती असते, ह्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. जबलपुरात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. ऐंशी चौरस मीटरचे छप्पर धरले तर वर्षाकाठी त्यावर लाखभर लिटर पाणी येते. एखाद्या जोरदार तासात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर छपराच्या एका बाजूच्या पन्हळीतून दोन हजार लिटर पाणी वाहते. त्यातला केवळ विसावा हिस्सा एका सांध्यातून निसटला, तरी शंभर लिटर पाणी, म्हणजे सहासात बादल्या, तासाभरात भिंतीच्या एका हातभर पट्ट्यावर ओतल्या जातात. आपण स्वतः उभे राहून भिंतीवर सहा बादल्या पाणी ओतणार नाही. पण पन्हळ ते रात्रभर करीत असते आणि आपण आत निजलेले असतो.

जुन्या भिंती पुष्कळदा मातीत बांधलेल्या असतात आणि वरून चुन्याचा गिलावा असतो. कोरडी असताना अशी भिंत शतकभर भार वाहते. भिजली की तिच्यातील मातीची पकड सैल होते. प्रथम गिलाव्याला फुगारे येतात, मग पोपडे निघतात, मग विटांमधली माती धुपू लागते. जबलपूरकरांना ह्याचे एक कठोर स्मरण आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे येथे भूकंप झाला, तेव्हा मातीत बांधलेल्या जुन्या घरांची हानी फार मोठी झाली. गळक्या पन्हळीने भूकंप होत नाही, हे खरेच. पण ज्या भिंतीला धक्का सोसावयाचा आहे ती आधीच भिजून खिळखिळी झालेली नसावी, एवढे तरी आपल्या हाती असते.

आता सांधा मुळात गळतो का, ह्या प्रश्नाकडे वळू. पूर्वीच्या पन्हळी जस्ती पत्र्याच्या असत. पत्रेवाला त्यांचे तुकडे एकमेकांवर चढवी, रिव्हेट मारी आणि सांध्याला डाख देई. पत्रा गंजला की पन्हळ संपे. प्लास्टिक गंजत नाही, हलके असते, घरच्या घरी करवतीने कापता येते. म्हणून गेल्या काही दशकांत त्याने पत्र्याची जागा घेतली. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिव्हायनिल क्लोराइड, ज्याला आपण सर्व जण पीव्हीसी म्हणतो. हा पदार्थ १८७२ साली ओइगेन बाउमान ह्या जर्मन रसायनज्ञाने नोंदला होता. परंतु तो व्यवहारात आला विसाव्या शतकात. त्याचे गुण आपण घेतले. त्याचा स्वभाव मात्र पुष्कळांनी समजून घेतला नाही.

त्या स्वभावातील पहिली गोष्ट ही की पीव्हीसी उष्णतेने फार वाढते आणि थंडीने फार आकसते. एक मीटर लांबीचा तुकडा तापमानाच्या दर अंशाला सुमारे सहा शतांश मिलिमीटर वाढतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण जबलपूरची हवा लक्षात घ्या. जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. मे महिन्यात हवाच चाळीस अंशांवर असते, आणि उन्हात तापलेली पन्हळ साठ अंशांपर्यंत सहज पोचते. म्हणजे पन्नास अंशांचा फरक. बारा मीटर लांबीच्या पन्हळीत तो फरक छत्तीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार बोटांच्या निम्मा भरतो. तेवढ्याच लांबीची लोखंडी पन्हळ केवळ सात मिलिमीटरच्या आसपास वाढली असती.

मदन महल हे इटारसीहून जबलपूरला येणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक आहे. मुंबई आणि कलकत्ता ह्यांना जोडणारा हा मार्ग १८७० साली पुरा झाला. तो टाकणाऱ्यांना हे गणित ठाऊक होते. म्हणूनच दोन रुळांच्या टोकांमध्ये बोटभर फट ठेवण्याची रीत होती, आणि गाडीचा तो परिचित खडखडाट त्या फटींतूनच उठत असे. पन्हळीच्या सांध्यालाही अशीच फट हवी असते. चांगल्या जोडतुकड्याच्या आत एक रेघ कोरलेली असते. पन्हळीचे टोक त्या रेघेपर्यंतच घालावयाचे, त्यापुढे दाबावयाचे नाही, असा तिचा अर्थ. बसविणाऱ्याने घाईत ते टोक पार ठोकून बसविले, तर उन्हाळ्यात दोन तुकडे एकमेकांना ढकलतात आणि पन्हळ कमानीसारखी वाकते. उलट तोकडे ठेवले, तर हिवाळ्यात टोक मागे सरते आणि रबराच्या पट्टीवरून निसटते. पुढच्या पावसात सांधा गळतो आणि दोष प्लास्टिकच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट रबराची. जोडतुकड्याच्या आत रबराची एक पट्टी असते. पन्हळीचे टोक तिच्यावर दाबून बसते, आणि रबर दबलेल्या स्थितीतून परत उसळू पाहते म्हणूनच पाणी अडते. वर्षानुवर्षे दाबून राहिलेले रबर आपली उसळी हरवते. पायांतील जुन्या मोज्याचे लवचीक काठ जसे सैल पडतात, तसेच हे. रबर दिसावयास जागच्या जागी असते. पण ते दाबीत काहीच नसते.

तिसरी गोष्ट सूर्यप्रकाशाची. उन्हातील अतिनील किरण प्लास्टिकच्या पृष्ठभागाचे विघटन करतात. जुन्या पन्हळीवरून बोट फिरविले तर बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागते. ती ह्या झिजेची खूण. असे प्लास्टिक ठिसूळ होते आणि वाकविले असता तडकते. चौथी गोष्ट अगदी घरगुती: कडुनिंबाची पाने, कौलांची बारीक खर, शेवाळ आणि पाखरांनी आणलेल्या काड्या. सांध्याची कड ही पन्हळीतली अडखळण्याची जागा. कचरा नेमका तेथे थांबतो, आणि वाळूचा एखादा कण रबराखाली शिरला की तेवढ्या वाटेने पाणी निघते.

पाचवे कारण वजनाचे. दीडशे मिलिमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली, तर दर मीटरमागे पावणेनऊ किलो पाणी तीत मावते. ब्रॅकेट दूर दूर मारलेले असले म्हणजे मधला भाग ह्या भाराने खाली झोळतो, आणि झोळलेल्या पन्हळीचे सांधे आपोआप उघडतात. शिवाय त्या झोळात पाऊस गेल्यावरही पाणी साचून राहते. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत आठदहा दिवस पुरतात. डेंग्यूचा डास घराजवळच्या अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे पन्हळीचा झोळ हा केवळ भिंतीचा प्रश्न राहत नाही.

कारणे कळली, आता उपाय. उपायाची पहिली पायरी म्हणजे गळती नेमकी कोठे आहे ते पाहणे, आणि ती कोरड्या दिवशी पाहणे. पावसात सगळेच ओले असते. तेव्हा काही कळत नाही. पन्हळ प्रथम साफ करावी. खुरप्याने किंवा पात्याने खरवडू नये, लाकडाच्या पट्टीने कचरा ओढावा. मग वरच्या टोकाला बादलीने सावकाश पाणी सोडावे आणि खालून पाहावे. येथे एक फसगत सांभाळावयाची असते. पाण्याचा थेंब पन्हळीच्या पोटाला चिकटून हातभर घसरत जातो आणि भलतीकडे पडतो. म्हणून जेथे थेंब पडतो तेथे नव्हे, तर त्याच्या चढत्या बाजूला जेथे ओल सुरू होते तेथे खडूने खूण करावी. सांध्यातून गळणारे पाणी आणि काठावरून ओसंडणारे पाणी हेही निरनिराळे ओळखावे. पन्हळ ओसंडत असेल तर सांधा कितीही जोडला तरी उपयोग नाही. तेथे उतरत्या नळाचे तोंड तुंबलेले असते, किंवा पन्हळीचा उतार चुकलेला असतो. तीन मीटर लांबीला निदान एक सेंटिमीटर उतार नळाच्या दिशेने असावा. एक दोरी ताणून धरली की हे कळते.

शिडीविषयी दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे, कारण पन्हळीच्या दुरुस्तीत पन्हळीपेक्षा माणूस अधिक वेळा मोडतो. शिडी पन्हळीवर टेकू नये. ती भिंतीवर टेकावी. चार हात उंची असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. खाली धरावयास दुसरे माणूस हवेच. वरून विजेची तार गेली असेल तर तेथे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी नेऊच नये. घरात वयस्क माणसेच असतील, तर हे काम पैसे देऊन करून घेण्यात कमीपणा नाही. काय करावयाचे ते मात्र आपणांस ठाऊक असावे, म्हणजे कामगाराला सांगता येते आणि केलेले काम तपासता येते.

आता प्रत्यक्ष सांधा उघडावयाचा. ह्यासाठी वेळ निवडावी. हिवाळ्याच्या पहाटे प्लास्टिक कडक असते आणि तडकते. भर दुपारी ते लांबलेले असते आणि माणूसही भाजून निघतो. उन्हाळ्याच्या शेवटी सकाळी नवाच्या सुमाराची वेळ चांगली. जोडतुकड्याची चाप बाहेर ओढावी, पन्हळीची पुढची कड अंगठ्याने हलकेच आत दाबावी, म्हणजे ती सुटते. ओढाताण करू नये. सुटल्यावर आतील रबराची पट्टी काढून साबणाच्या पाण्याने धुवावी आणि नखाने दाबून पाहावी. खूण लगेच भरून आली तर रबर जिवंत आहे. तीच पट्टी पुन्हा चालेल. खूण तशीच राहिली, पट्टी चपटी, कडक किंवा भेगाळलेली असली, तर ती बदलावी. जोडतुकड्याची बैठक व पन्हळीचे टोक, दोन्ही पुसून कोरडी करावी. नवी पट्टी बसविताना तिला साबणाचे पाणी लावावे, म्हणजे टोक तिच्यावरून न अडकता सरकते. रॉकेल किंवा यंत्रातले ग्रीस लावू नये. खनिज तेलाने असे रबर फुगते आणि नासते. मग टोक आतील रेघेपर्यंत घालून चाप बसवावी.

जुन्या पन्हळीच्या मापाची रबरी पट्टी किंवा जोडतुकडा बाजारात मिळत नाही, ही अडचण पुष्कळांना येते. अशा वेळी सिलिकोनचे लवचीक सीलंट वापरावे. त्यातही एक भेद आहे. काही सिलिकोन वाळताना सिरक्यासारखा आंबूस वास येतो. ते प्लास्टिकला तितके धरत नाही आणि जवळच्या लोखंडी ब्रॅकेटला गंज आणते. न्यूट्रल असे लिहिलेली नळी घ्यावी. जागा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी करून सांध्याच्या आतल्या बाजूने एक अखंड, सारखी रेघ द्यावी आणि दिवसभर पाणी लागू देऊ नये. आतल्याच बाजूने का? पाण्याचा दाब आतून बाहेर असतो. आत दिलेला थर पाण्याने सांध्यात अधिक घट्ट बसतो. बाहेरून थापलेला थर त्याच पाण्याने सुटून येतो. बाहेरून डांबर फासणे किंवा कडक होणारी लांबी भरणे हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. तो एक पावसाळा टिकतो. पण पन्हळ उन्हाळ्यात वाढली की कडक लांबी तिच्याबरोबर वाढत नाही, आणि तिच्या कडेने केसासारखी चीर पडते.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तयार पन्हळ न आणता सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याच्याच दोन पन्हळी करतात. ही युक्ती स्वस्त आहे, आणि नीट केली तर वाईटही नाही. तिच्यात रबराचा सांधा नसतो. तुकडे सॉल्व्हंट सिमेंटने चिकटविलेले असतात. हे सिमेंट डिंकासारखे दोहोंच्या मध्ये बसत नाही; ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि ते एकमेकांत मिसळून एक होतात. म्हणूनच पृष्ठभागावर जुनी पांढरी पूड असेल तर ते धरत नाही. सँडपेपरने ती पूड घासून खालचे ताजे प्लास्टिक उघडे करावे, त्याच पाइपाचा वीतभर अर्धगोल तुकडा कापून आतून किंवा पोटाखालून चिकटवावा, आणि तो सुकेपर्यंत दाबून धरावा. पन्हळीतली साधी चीरही ह्याच रीतीने बुजविता येते. मात्र संपूर्ण लांबी अशी चिकटवून अखंड केली, तर वाढण्यास जागा राहत नाही. एक टोक मोकळे सोडावे, आणि ब्रॅकेटमध्ये पन्हळ आवळून न टाकता तिला सरकू द्यावे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. पाइप जाळावर शेकून मऊ करणे आणि एकात एक बसविणे ही रीत सर्रास दिसते. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ होते खरे. पण जाळ ऐंशी अंशांवर थांबत नाही. करपलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि तो डोळ्यांना व फुप्फुसांना जाळतो. जुनी काढलेली पन्हळ शेकोटीत टाकणेही ह्याच कारणासाठी वाईट.

सांधा बसविल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतराच्या आत, एकेक ब्रॅकेट असावा. इतरत्र दोन ब्रॅकेटांमधले अंतर मीटरभराहून अधिक नसावे. मग पुन्हा बादलीने पाणी सोडून पाहावे. कोणत्या क्षणी दुरुस्ती थांबवून पन्हळ बदलावी, ह्याचीही एक कसोटी आहे: कड अंगठ्याने दाबली असता ती लवण्याऐवजी कटकन तुटत असेल, तर त्या प्लास्टिकचे आयुष्य संपले. पण एवढ्यावरून सगळी पन्हळ फेकण्याची गरज नसते. उन्हाच्या बाजूची पन्हळ मेली असली तरी सावलीच्या बाजूची पुष्कळदा चांगली असते. जे टिकले आहे ते टिकवावे.

सांधे नीट झाले, तरी पाण्याचा प्रश्न वळचणीशी संपत नाही; तो उतरत्या नळाच्या तळाशी येतो. नळ पायाच्या कडेलाच मोकळा सोडला, तर वर वाचविलेली भिंत आपण खालून भिजवितो. नर्मदेच्या खोऱ्यातली काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते, आणि तिच्यावरील पाया तिच्याबरोबर हलतो. पाणी पायापासून दूर न्यावे. ते शेजाऱ्याच्या अंगणात मात्र नेऊ नये. आपल्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर सोडणे हा उपजत हक्क नव्हे. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा जारी झाला तो प्रथम ज्या प्रांतांना लागू होता, त्यांत मध्य प्रांतही होता. असा हक्क संमतीने मिळतो, किंवा वीस वर्षांच्या उघड, निर्वेध वहिवाटीने. किती शेजार पागोळीच्या पाण्यावरून दुरावले असतील! एक वेळचा नळ वळविणे त्याहून स्वस्त.

मदन महलच्या टेकडीवर जाऊन आलेल्यांनी तेथला गोंडांचा छोटा किल्ला पाहिला असेल आणि त्याच्या वाटेवरचा तो तोललेला शिळाखंडही. एका खडकावर दुसरा प्रचंड खडक जणू हाताने ठेवल्यासारखा उभा आहे. तो कोणी ठेवला नाही. ग्रॅनाइटच्या खडकात मुळातच उभ्याआडव्या भेगा असतात. भूशास्त्रज्ञ त्यांना सांधे ह्या अर्थाच्याच शब्दाने ओळखतात. पाणी त्या सांध्यांतून शिरले, लक्षावधी वर्षे शिरत राहिले, भेगांच्या कडांचा खडक कुजून माती झाला, ती माती वाहून गेली, आणि मधले गोलसर खडक उरले. ग्रॅनाइटलाही पाण्याने जिंकले ते सांध्यातून. आपल्या भिंतीपुढे पाण्याला लक्षावधी वर्षे लागत नाहीत. चारपाच पावसाळे पुरतात.

ह्याच परिसरातील जुन्या राज्यकर्त्यांनी पाण्याचा दुसरा स्वभावही ओळखला होता. टेकड्यांवरून धावणारे पाणी अडवून त्यांनी गढ्याच्या राज्यात तलाव बांधले. संग्रामसागर हा संग्रामशहाचा, राणीताल हा १५६४ मध्ये रणांगणी पडलेल्या राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल तिच्या मंत्र्याचा, असे परंपरा सांगते. त्यांतले काही बुजले, काहींवर वस्ती झाली. नावे मात्र मोहल्ल्यांना चिकटून राहिली. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपली म्हण तेथे अक्षरशः खरी झाली होती. आज ज्याच्या पन्हळीचे सांधे घट्ट आहेत, त्याला छपराचे पाणी गाळणीतून टाकीत किंवा विहिरीत उतरविता येते. वर्षाचे लाखभर लिटर आपल्या दाराशी येऊन गटारात जाते, त्यातला थोडा वाटा तरी जमिनीला परत देता येतो. गळक्या पन्हळीने हे होत नाही. पाणी साठवावयाचे असो की दूर सारावयाचे असो, आधी ते आपल्या म्हणण्यात असावे लागते.

जबलपुरात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. कोकणात त्याच्या आधी. वर्षातून दोनदा पन्हळीकडे पाहावे: एकदा मृग लागण्यापूर्वी, आणि एकदा पानगळ संपल्यावर. प्रत्येक वेळी एक बादली पाणी, एक खडू, साबणाचे थोडे पाणी आणि शिडी धरणारे एक माणूस एवढे भांडवल पुरते. जोडतुकड्याची जुनी पट्टी बदलली, तर तिचे माप एका कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवावे. पुढची पट्टी शोधताना ते उपयोगी पडेल, मग शोधणारे आपण असू किंवा आपल्या मागून त्या घरात राहणारे दुसरे कोणी.